मास्तर, सुई ओवा

सकाळी आपल्यातल्याच एकाने रील टाकलं. अ‍ॅक्सिडेंटचे क्लेम चालवणारे वकील म्हणजे गिधाडं, कुणाचा हातपाय मोडला की यांची दिवाळी. खाली हसणाऱ्या इमोजींची रांग, त्यात आपली दोन-चार माणसंही. डोकंच फिरलं.

अण्णांचा अपघात जुन्या मित्रांना आठवत असेल. अण्णा शिंपीकाम करायचे. टेम्पोने स्कूटर उडवली, उजव्या हाताचा अंगठा आणि शेजारचं बोट कामातून गेलं. दाखल्यावर अपंगत्व ४० टक्के. विमा कंपनी म्हणाली, मग कमाईचं नुकसानही ४० टक्केच. ऐकायला किती सरळ!

वकीलसाहेब घरी आले. कागद मागतील असं वाटलं होतं. ते शिलाई मशीनजवळच्या स्टुलावर बसले आणि म्हणाले, "मास्तर, सुई ओवा." अण्णांनी दोरा ओठांत ओला केला. चार वेळा तो सुईच्या बाजूनेच गेला, पाचव्यांदा सुई खाली पडली. आई उचलायला वाकली, तर साहेबांनी तिला थांबवलं. खरं सांगतो, तेव्हा मला त्यांचाच राग आला होता.

मग त्यांनी बिलाच्या पाठकोऱ्या कागदावर हिशेब मांडला. महिना १५,०००, वर्षाचे १,८०,०००. अण्णा ४३ वर्षांचे, म्हणजे वयावरून ठरणारा गुणक १४, वर्षाच्या कमाईला याने गुणायचं. झाले २५,२०,०००. त्याचे ४० टक्के धरले तर १०,०८,०००, ८० धरले तर २०,१६,०००. हात तोच, अपघात तोच. २०१० सालच्या राजकुमार विरुद्ध अजय कुमार निकालात सुप्रीम कोर्टाने हेच सांगितलंय: डावा हात गेलेल्या सरकारी कारकुनाची नोकरी टिकू शकते, सुताराची जवळजवळ सगळी कमाई जाते. शरीराचं नुकसान वेगळं, कमाईचं वेगळं. हे आम्हाला कोण सांगणार होतं? ते रीलवाले?

साहेब आधी बारा वर्षं विमा कंपनीच्याच पॅनेलवर, म्हणजे कंपनीच्या बाजूने लढणारे वकील होते. समोरचा कुठे बोट ठेवणार हे त्यांना तोंडपाठ. लायसन्स, हेल्मेट, उत्पन्नाचा पुरावा. अण्णांची मापाची वही त्यांनीच मागून घेतली. आम्ही ती रद्दीत घालणार होतो! लोकअदालतीत तडजोडीचा आकडा आला तेव्हा आई सही करायला निघाली होती. साहेब "नको" म्हणाले नाहीत, फक्त तो पाठकोरा कागद तिच्यापुढे सरकवला.

हो, हॉस्पिटलच्या दारात कोऱ्या वकीलपत्रावर सह्या घेणारेही आहेत. निकालाच्या रकमेवर फी ठरवायला बार कौन्सिलच्या नियमांत मनाई आहे, तरी टक्केवारी ठरते. बोगस क्लेमही होतात. झालं? केलं मान्य.

पण मग दाखला देणाऱ्या डॉक्टरांना साक्षीला आणायला ज्याने तीन तारखा घालवल्या, त्याला काय म्हणायचं? आणि विचारलं काय, तर एकच: "या हाताने कात्री चालेल का? सुई ओवता येईल का?" डॉक्टर म्हणाले, "नाही." एवढंच. त्या "नाही"साठी त्या दिवशी सुई पडू दिली होती, हे मला कोर्टाच्या बाकावर बसल्यावर कळलं. अण्णा मान खाली घालून हाताकडे बघत होते.

न्यायाधिकरणाने ८० टक्के धरले. पाच वर्षं लागली, आणि त्या पाच वर्षांत मी साहेबांनाही कमी बोललो नाही.

निकालाची प्रत द्यायला ते स्वतः आले, तेव्हा त्यांच्या काळ्या कोटाचं बटण लोंबत होतं. अण्णांनी कोट काढायलाच लावला. आईने सुई ओवली, अण्णा शेजारी बसून सांगत होते, "दुहेरी दोरा घे गं. आणि देठ ठेव बटणाला, जाड कापड आहे." साहेब बनियनवर, म्हणजे पांढऱ्या शर्टात, पण आम्हाला तसंच वाटत होतं, निमूट बसून होते. फीचा विषय त्या दिवशी कुणीच काढला नाही. नंतर दिली, पूर्ण दिली.

रील अजून तसंच आहे. काढ रे बाबा ते.