बटण वेगळं, चिमणी वेगळी

नागपुरात सुखानं राहायचं असेल तर राजेहो, एक गोष्ट आधी डोक्यात पक्की बसवून घ्या. तुमच्या घरातल्या एसीचं बटण आणि शहराच्या उत्तरेला कोराडीला कोळशावर वीज बनवणारा जो प्लांट आहे त्याची चिमणी यांचा एकमेकांशी काहीएक संबंध नाही. बटण दाबलं की थंडावा येतो, तो कंपनीची कृपा म्हणून. चिमणीतून धूर निघतो, तो सरकारची मर्जी म्हणून. हे दोन विषय एका वाक्यात आणणारा माणूस लग्नाच्या पंगतीत शेजारी बसला तर पान उचलून दुसरीकडे जा.

समजा झिंगाबाई टाकळीकडे किंवा गोधनीला फ्लॅट बघायला गेलात. बिल्डरचा पोरगा तुम्हाला सातव्या मजल्याच्या गॅलरीत नेईल, हवा किती मस्त येते ते सांगेल, उत्तरेकडे हात करून 'ते देवीचं मंदिर, तो तलाव' एवढंच दाखवेल. मंदिराच्या मागं जे उंच उंच उभं आहे त्याबद्दल विचारू नका. विचारल्यानं दोन रुपये भाव कमी होईल अशी आशा असेल तर तीही सोडा. उद्या त्याचे 'लेक अँड पॉवर व्ह्यू' म्हणून वेगळे पैसे लावतील.

राहायला गेलात की पहिल्या उन्हाळ्यात आई किंवा सासूबाई गच्चीवर वाळवण घालतील. त्यांना अडवू नका, फक्त कुरडई पांढरीच असली पाहिजे हा जुना हट्ट सोडायला सांगा. सकाळी घातलेल्या कुरडईवरून दुपारी बोट फिरवून बघा. बोटाला करडी पूड लागते, मैद्यासारखी मऊ, पण दोन बोटांत चोळली की किंचित खरखरते. पर्यावरणवाले तिला फ्लाय ॲश म्हणतात, म्हणजे कोळसा जळून उडालेली राख. सोसायटीचे सेक्रेटरी म्हणतात, 'रस्त्याचं काम सुरू आहे ना भाऊ, धूळ येणारच.' सेक्रेटरींचं ऐका. पार्किंगही तेच वाटून देतात.

हिशेब तर अजिबात मांडू नका. मांडलात तर असं काहीतरी निघेल: आपल्याकडच्या कोळशावर एक युनिट वीज तयार करायला साधारण सहाशे-सातशे ग्रॅम कोळसा लागतो आणि त्यातला तिसरा हिस्सा राखच असते. नवतप्यात, म्हणजे मे अखेरच्या त्या नऊ कडक उन्हाच्या दिवसांत, दीड टनाचा एसी रात्रभर चालला तर दहाएक युनिटं सहज जातात. म्हणजे तुम्ही गाढ झोपलेले असताना तुमच्या नावानं सहा-सात किलो कोळसा जळतो आणि दोन किलोंवर राख तयार होते. ती पोत्यात भरून तुमच्या दारात आणून टाकत नाहीत, हा तुमच्यावर उपकार आहे. हिशेब करणाऱ्याची झोप जाते, मग तो एसी आणखी कमी तापमानावर लावतो, मग आणखी राख.

कोणी म्हणेल की चिमणीच्या आधी ईएसपी नावाच्या धुरातली राख पकडणाऱ्या यंत्रणा असतात आणि त्या ९९ टक्क्यांहून जास्त राख धरून ठेवतात. खरं आहे. इथं मान डोलवा आणि थांबा. पुढे जाऊन '९९ टक्के कशाचे' असं विचारू नका. कारण ६६० मेगावॉटचा एक संच दिवसभर पुरता चालला तर दहा हजार टनांच्या आसपास कोळसा खातो आणि तीन हजार टनांवर राख टाकतो. त्यातली हजारात एक निसटली तरी तीन टन झाली, आणि कोराडीत असे तीन संच आहेत. मोठ्या संचांसाठी २७५ मीटर उंच चिमणीचा नियम झाला तो धूर स्वच्छ व्हावा म्हणून नव्हे. तो लांब जाऊन पातळ व्हावा म्हणून. थोडक्यात, आपला कचरा फार उंचावरून शेजाऱ्याच्या अंगणात टाकायचा. शेजारी भंडाऱ्याचा असला तर तो ओळखीचाही नसतो.

पकडलेल्या राखेची काळजी तर बिलकुल करू नका, तिच्यासाठी कागद आहेत. राखेचा शंभर टक्के वापर झालाच पाहिजे, विटा करा, सिमेंटात घाला, रस्त्याखाली दाबा, अशी पहिली अधिसूचना १९९९ साली निघाली. मग २००३, २००९, २०१६ अशी ती सुधारत गेली आणि २०२१ च्या डिसेंबरात नवी आली. एवढं कागदावर झाल्यावरही जी राख शिल्लक राहते ती पाण्यात कालवून पाइपानं बंधाऱ्यात नेऊन सोडतात. २०२२ च्या जुलैत जोराचा पाऊस झाला आणि कोराडीजवळच्या खसाळ्याचा राखेचा बंधारा फुटला. धानाच्या, भाजीच्या शेतांत राखेचा चिखल पसरला, नदीपात्रात गेला. अशा बातमीच्या दिवशी काय करायचं? व्हॉट्सॲपवर तो व्हिडिओ तीन ग्रुपवर फॉरवर्ड करायचा, खाली हात जोडलेलं चिन्ह टाकायचं आणि संध्याकाळी पाणी नेहमीसारखं आलं का ते बघायचं. त्या शेतकऱ्याची जमीन पुढं किती वर्षं कशी पिकली, हे विचारायला जाणं म्हणजे विषय ताणणं.

आता गंधकाबद्दल. हा भाग जरा लक्ष देऊन वाचा, कारण सरकारी तारखांचं एवढं सुंदर काम दुसरीकडं सापडायचं नाही. धुरातला सल्फर डायऑक्साइड काढून टाकणारी यंत्रणा, जिला एफजीडी म्हणतात, ती बसवा असा नियम ७ डिसेंबर २०१५ ला आला. मुदत दोन वर्षं. २०१७ संपलं, मुदत २०२२ पर्यंत गेली. २०२१ मध्ये प्रकल्पांचे अ, ब, क असे वर्ग पाडले आणि शेवटच्या वर्गाला २०२४ पर्यंत वेळ दिला. २०२२ मध्ये सगळ्यांना आणखी दोन वर्षं मिळाली. २०२४ सरता सरता आणखी तीन. आणि २०२५ च्या जुलैत ठरलं की देशातल्या बहुतेक प्रकल्पांना ही यंत्रणा लावायची गरजच नाही. शाळेत गृहपाठ न करणारा मुलगा इतकी वर्षं तारखा मागत राहिला आणि शेवटी मास्तरांनीच तो विषय अभ्यासक्रमातून काढला, असा हा प्रकार. सवलत न मिळालेल्यांत दहा लाखांवर लोकवस्तीच्या शहरापासून १० किलोमीटरच्या आतले प्रकल्प येतात. त्यांना २०२७ अखेरची मुदत आहे. त्यामुळं नागपूरकरांनी सध्या एकच करावं: फूटपट्टी घेऊन नकाशावर बसावं. शहराची हद्द कुठून मोजायची, जुनी की नवी, झिरो माइलच्या खांबापासून की शेवटच्या ले-आउटच्या गेटापासून, यावर पाच-सात वर्षं आरामात जातील. तोवर आणखी एखादी मुदत, काही ना काही निघतंच.

जनसुनावणीला बोलावणं आलं तर जरूर जा. २०२३ च्या मे अखेर कोराडीत आणखी दोन ६६० मेगावॉटच्या संचांसाठी सुनावणी झाली तेव्हा नवतपा सुरू होता. उन्हाच्या भर झळीत कोळशाबद्दल मत मागणं यात एक रसिकता आहे, ती ओळखा. अशा ठिकाणी लोक तीन प्रकारचे येतात. पर्यावरणवाले आकडे घेऊन येतात. पुढाऱ्यांचे कार्यकर्ते टाळ्या घेऊन येतात. आणि तिसरे येतात ते हातात प्लास्टिकच्या पिशवीत प्रकल्पग्रस्ताचा दाखला घेऊन. आजोबांची जमीन सत्तरच्या दशकात गेली, तेव्हा पहिला संच सुरू झाला तो १९७४ चा. आता नातू कंत्राटदाराकडं रोजंदारीवर आहे आणि त्याला विचारायचं आहे की परमनंट कधी. त्याच्या बाजूला बसू नका. पर्यावरणवाल्याच्या आकड्यांना उत्तर देता येतं, या पोराच्या प्रश्नाला कोणाकडंच उत्तर नसतं, आणि तो मध्येच म्हणतो, 'प्लांट बंद करा म्हणता ना भाऊ, मग माझं काय?' तेव्हा आपल्याला खाली बघावं लागतं.

मुंबई-पुण्याचे पाहुणे आले की मात्र छाती काढून बोला. कोराडी सुमारे २,२०० मेगावॉट, खापरखेडा १,३४०, मौद्याचं एनटीपीसी २,३२०, चंद्रपूर २,९२०, तिरोड्याचं अदानींचं ३,३००. नुसत्या या पाचांची बेरीज १२ हजार मेगावॉट होते. अमरावती, पारस, पेंचचं तोतलाडोह आपण धरलंसुद्धा नाही. 'तुमच्या लोकल आमच्या कोळशावर पळतात' असं ठणकावून सांगा. चंद्रपूरहून मुंबईजवळच्या पडघ्यापर्यंत सुमारे साडेसातशे किलोमीटरची १,५०० मेगावॉटची खास डीसी लाइन आहे, तीही नव्वदच्या दशकाच्या अखेरची, हे सांगायला विसरू नका. पाहुणा हुशार असला तर विचारेल, 'मग तुमच्याकडं वीज स्वस्त असेल?' इथं त्याला तर्री-पोहे पुढं करा. बिलात स्थिर आकार, वहन आकार, इंधन समायोजन आकार आणि वर १६ टक्के वीज शुल्क असतं, आणि महावितरणचा वहन आकार चिमणीच्या सावलीतल्या घराला आणि शेकडो किलोमीटरवरच्या घराला सारखाच लागतो. राख जवळ आहे म्हणून बिलात सूट, असा रकाना अजून कोणी छापलेला नाही. पाहुण्याला तिखट लागलं की तो हा प्रश्न विसरतो.

मंत्र्यांची तक्रार तर करूच नका, घरचेच आहेत. २०१४ पासून ऊर्जा खातं चंद्रशेखर बावनकुळे, नितीन राऊत, देवेंद्र फडणवीस असं जवळजवळ नागपूर जिल्ह्यातच फिरत राहिलं. पक्ष बदलले, खातं गाव सोडून गेलं नाही. आपल्याच माणसाच्या हाती चाव्या असताना राखेचा विषय काढणं म्हणजे घरातली भांडणं चौकात नेणं. हिवाळी अधिवेशनात दरवर्षी एखादा आमदार काळा मास्क लावून विधानभवनाच्या पायऱ्यांवर उभा राहतो, फोटो निघतो. तेवढं पुरेसं आहे.

एका बाबतीत मात्र खरोखर अभिमान बाळगायला हरकत नाही, आणि तो मी गंमतीनं सांगत नाही. भांडेवाडीला शहराचं रोजचं १३ कोटी लिटर सांडपाणी शुद्ध करून कोराडीच्या संचांना द्यायची व्यवस्था झाली. तेवढं पेंचचं गोडं पाणी वाचलं. म्हणजे तुम्ही सकाळी संडासात ओतलेली बादली रात्री एसी होऊन परत येते. असं चांगलं काम झालं की त्याबद्दल शक्यतो बोलू नका. चांगलं होऊ शकतं हे लोकांना कळलं तर ते बाकीचंही मागायला लागतील.

शेतकऱ्याकडं नातं असेल तर काटोल-नरखेडच्या बाजूला एकदा थंडीत मुक्कामाला जा, पण रात्री बाहेर निघू नका. कृषिपंपाची थ्री फेज लाइन आठवड्याच्या पाळीनं येते, काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री. रात्रीची पाळी असली की मामा डोक्याला मफलर गुंडाळून, एका हातात बॅटरी आणि एका हातात काठी घेऊन संत्र्याला पाणी द्यायला निघतात. ओलीत करताना पायाखाली काय आहे ते दिसत नाही. रानडुक्कर तर ठरलेलंच. डीपी, म्हणजे ट्रान्सफॉर्मर, जळाली तर वर्गणी काढून ट्रॅक्टरनं न्यावी लागते. चारही बाजूंनी वीज तयार होणाऱ्या जिल्ह्यात मामांना ती अंधारात का मिळते, असं तुमच्या पोरानं विचारलं तर त्याला मोबाइल द्या.

एवढं सगळं वाचूनही जीव तळमळत असेल, आपण काहीतरी केलं पाहिजे असं वाटत असेल, तर छतावर सोलर बसवून घ्या. पीएम सूर्यघर योजनेत तीन किलोवॉटला ७८ हजारांचं अनुदान आहे, बिल खाली येतं, सोसायटीत मान मिळतो. फक्त कोराडी रोडच्या बाजूला राहत असाल तर पॅनेलवर ती करडी पूड बसते आणि वीज कमी होते, म्हणून आठवड्यातून एकदा पुसावं लागतं. भल्या पहाटेच चढा, नऊनंतर काच हाताला लावता येत नाही. कोरड्या फडक्यानं घासू नका, चरे पडतात. आधी पाणी मारा. आणि पुसलेलं फडकं धुऊन गच्चीवर वाळत घालू नका, दुपारपर्यंत पुन्हा तसंच होतं.