सजावटीच्या हंगामासाठी काही अग्निपोषक सूचना

सणासुदीला घर सजवताना आपण सर्वांची सोय पाहतो, आगीची तेवढी पाहत नाही. वास्तविक तिच्या गरजा थोड्या आहेत: जळायला काहीतरी, पेटायला उष्णता आणि हवेतला प्राणवायू. यांपैकी तिसरी गोष्ट निसर्ग फुकट पुरवतो. पहिल्या दोहोंसाठी पुढील सूचना उपयोगी पडाव्यात.

आरंभ विजेपासून करावा. भिंतीत एकच सॉकेट आहे म्हणून खंत करू नये. त्यात एक एक्स्टेंशन बोर्ड, त्या बोर्डात दुसरा आणि दुसऱ्यात तिसरा, अशी वंशावळ वाढवत न्यावी आणि शेवटच्या पिढीवर दिव्यांच्या साऱ्या माळा व जमल्यास एक हीटरही सोपवावा. तारेतला प्रवाह दुप्पट झाला की उष्णता चौपट होते, हा पदार्थविज्ञानाचा नियम आपल्याच बाजूने आहे. उरलेली वायर घट्ट गुंडाळून गालिच्याखाली सरकवावी; पसारा दिसत नाही आणि उष्णतेलाही बाहेर पडायला वाट राहत नाही. माळ टांगताना खिळा तारेच्या शेजारी न ठोकता तारेतूनच ठोकल्यास ती अधिक पक्की बसते. प्लग करपल्याचा वास येऊ लागला, तर सुगंधी मेणबत्ती लावावी.

या व्यवस्थेत एमसीबी, म्हणजे भार वाढताच आपोआप वीज तोडणारा स्विच, हे एकच विघ्नसंतोषी उपकरण आहे. ते वारंवार पडत असेल, तर इलेक्ट्रिशियनला कारण विचारत न बसता जास्त अँपिअरचे बसवून घ्यावे. जुना फ्यूज असल्यास काम आणखी सोपे: त्यात तांब्याची जाड तार घालावी, म्हणजे ती वितळण्याआधी घर पेटण्याची खात्री राहते.

1882 साली न्यूयॉर्कमध्ये एडिसनचे सहकारी एडवर्ड जॉन्सन यांनी घरच्या नाताळवृक्षावर विजेचे 80 रंगीत दिवे लावले. तोवर अशा झाडांवर पेटत्या मेणबत्त्याच लावत. पुढे विजेने मेणबत्तीला हटवले. हे नुकसान आपण दोन्ही एकदम लावून भरून काढू शकतो. मेणबत्तीच्या ज्योतीचे तापमान हजार अंश सेल्सिअसच्या वर जाते आणि कागदाला पेटायला साधारण 230 अंश पुरतात, तेव्हा कागदी तोरणे ज्योतीच्या डोक्यावरच सोडावीत. जळणारी वस्तू ज्योतीपासून निदान 30 सेंटिमीटर दूर असावी असे सांगणारे लोक बहुधा फारच प्रशस्त घरांत राहत असावेत. मखमली पडदे चांगले; थर्माकोल त्याहून चांगला, कारण तो वितळून जळते थेंब खाली टाकतो आणि काळ्याकुट्ट धुराने दाराची दिशाही झाकून टाकतो. मेणबत्त्या विझवल्याशिवाय झोपावे.

धूरसूचक यंत्रातील सेल रिमोटमध्ये घालावेत. अग्निशामक नळकांड्याचा लाल रंग सजावटीशी जुळत नाही, म्हणून ते माळ्यावर टाकावे.

इतके करून आग आलीच, तर मेन स्विच बंद न करता बादलीभर पाणी थेट बोर्डावर ओतावे. आगीच्या जोडीला विजेचा धक्काही पदरात पडतो. बाहेर पडताना खोल्यांची दारे सताड उघडी ठेवावीत. बंद दारापाशी आगीला बराच वेळ ताटकळावे लागते, आणि ते बरे दिसत नाही.