एका माणसासाठी बदललेली सभा

तीन वर्षांपूर्वी मुलीला पहिलीत घालायचं होतं. कॅनडात, ऑटवाला आमच्या घरापासून चालत सात मिनिटांवर फ्रेंच भाषेची सरकारी शाळा आहे. नवी इमारत, मोठं मैदान, फी नाही. शिवाय इथे केंद्र सरकारच्या नोकरीत वर चढायचं तर फ्रेंच हवंच, हे प्रत्येक देशी आईबापाला पहिल्या हिवाळ्यातच कळतं. म्हटलं, अर्ज टाकून बघू.

आमच्यासारख्या, फ्रेंच न बोलणाऱ्यांना तिथे थेट प्रवेश नसतो, प्रवेश समितीसमोर जावं लागतं. मुख्याध्यापक, एक शिक्षिका आणि शाळा मंडळाचा एक अधिकारी. तिघंही अगदी सौजन्यानं वागले. घरी काय बोलता? मराठी. छान म्हणाले, त्याची आम्हाला अडचण नाही. मग शिक्षिकेनं विचारलं, "पालकसभेला आलात तर कोणत्या भाषेत बोलाल?"

"इंग्लिश," मी म्हणालो. "ते सगळ्यांना येतंच की."

बाईंनी वहीत काहीतरी टिपलं, एवढंच. निर्णय यायच्या आत मीच अर्ज मागे घेतला. का, ते सांगायला बेळगावला जावं लागेल.

माझी आई बेळगाव तालुक्यातल्या एका मराठी प्राथमिक शाळेत मुख्याध्यापिका होती. शाळा मराठी, मुलं मराठी, परिपत्रकं मात्र कानडीत. एसडीएमसीची, म्हणजे शाळेच्या देखरेख समितीची मीटिंग असली की दहा-अकरा माणसं सतरंजीवर बसून मराठीत बोलायची. मग खात्याचे साहेब यायचे. भला माणूस, कधी आवाज चढवला नाही. पण ते खुर्चीत बसले की मीटिंग कानडीत. ज्यांना जमेल ते मोडकंतोडकं बोलणार, बाकीचे माना हलवणार. दुपारचा स्वयंपाक करणारी मावशी दाराशी उभी असायची. तांदळाला किडे लागलेत हे तिलाच ठाऊक, पण साहेबांपुढे कानडीत सांगायचं कसं? साहेब गेल्यावर ती आईला सांगायची, आणि आई पुढच्या मीटिंगची वाट बघायची.

साहेबांनी कुणालाच मराठी बोलू नका म्हटलं नव्हतं. गरजच नव्हती. पाहुण्याला कळावं म्हणून आपण आपली भाषा बाजूला ठेवतो, याला आपण संस्कार म्हणतो. ऑटवातल्या त्या शाळेत साहेबांच्या खुर्चीत मी बसणार होतो.

आपल्याकडचे बरेच लोक इथे दोन गोष्टींची गल्लत करतात. फ्रेंच इमर्शन म्हणजे इंग्रजी शाळा मंडळानं इंग्रजी बोलणाऱ्यांच्या मुलांना फ्रेंच यावं म्हणून चालवलेले वर्ग. माझी मुलगी आता तिथेच जाते आणि मजेत आहे. फ्रेंच शाळा वेगळी. ती ज्यांची भाषाच फ्रेंच आहे त्यांची, आणि तिचं मंडळही त्यांचंच. ऑन्टारियोत, म्हणजे ऑटवा ज्या प्रांतात आहे तिथे, अशी १२ मंडळं आहेत, ४ सार्वजनिक आणि ८ कॅथलिक. नेमणुका, बजेट, कुठली शाळा कुठे काढायची, सगळं ती मंडळं ठरवतात. सूचना, पालकसभा, ऑफिसातल्या बाईचं "बोंजूर", सगळं फ्रेंचमध्ये.

हे कुणी ताटात वाढून दिलेलं नाही. १९१२ साली ऑन्टारियो सरकारनं 'रेग्युलेशन १७' काढलं आणि फ्रेंचमधून शिकवणं पहिल्या दोन इयत्तांपुरतं ठेवलं. ऑटवाच्या मरे स्ट्रीटवर गीग शाळा होती. तिथल्या देलोज आडनावाच्या दोघी बहिणी नियम धुडकावून फ्रेंचमध्ये शिकवत राहिल्या. जानेवारी १९१६ मध्ये त्यांना हटवायला पोलीस आले, तेव्हा दारात आया उभ्या होत्या, हातात टोपीला लावायच्या लांब पिना घेऊन. (टोपीच्या पिना! आमच्या सीमाभागातल्या बायका असत्या तर लाटणं आणलं असतं.) शेजारच्या मॅनिटोबात त्याच वर्षी फ्रेंचमधून शिकवणं बंद झालं, इन्स्पेक्टर आला की मुलं फ्रेंच पुस्तकं लपवायची. ऑन्टारियोत तो नियम १९२७ मध्ये सैल झाला, पण सरकारी फ्रेंच हायस्कुलांना कायदा व्हायला १९६८ उजाडलं. सरकारनं माफी मागितली २०१६ मध्ये.

खरा फरक पडला तो कॅनडाच्या १९८२ च्या हक्कांच्या सनदेतल्या, भाषिक अल्पसंख्याकांना आपल्या भाषेत शिक्षणाचा हक्क देणाऱ्या कलम २३ नं, आणि त्याहून जास्त १९९० च्या माहे खटल्यानं. एडमंटनचे काही पालक सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. म्हणणं एवढंच, की इंग्रजी मंडळाच्या हाताखाली चाललेली फ्रेंच शाळा आम्हाला पुरत नाही. न्यायालयानं मान्य केलं, की मुलांची संख्या पुरेशी असेल तिथे कारभारही अल्पसंख्याकांच्याच हातात हवा. पुढे व्हँकुव्हरच्या रोझ-दे-व्हाँ शाळेचे पालक लढले. गर्दीची छोटी इमारत, काही वर्गांना खिडक्याच नाहीत, मुलांचा बसमध्ये फार वेळ जायचा. २०१५ मध्ये न्यायालय म्हणालं, नुसती शाळा देऊन भागत नाही, ती शेजारच्या इंग्रजी शाळेच्या तोडीची हवी. नाहीतर आईबाप आपणहून मूल तिकडे घालतात, आणि मग सरकार म्हणायला मोकळं की मागणीच नाही. हे वाक्य बेळगावात कुणालाही समजावून सांगावं लागणार नाही.

आपल्या घटनेतही तरतुदी आहेत. कलम ३० प्रमाणे भाषिक अल्पसंख्याकांना आपली संस्था काढून चालवता येते. १९५६ मध्ये आलेल्या ३५०अ नुसार प्राथमिक शिक्षण मातृभाषेत मिळण्याची सोय राज्यानं करायची. पण गावातली मराठी शाळा सरकारी असेल तर शिकवणं मराठीत आणि चालवणं खात्याचं. या दोन कलमांच्या मधल्या फटीत आईची सगळी नोकरी गेली.

आता कुणी म्हणेल, पण फ्रेंच शाळा तर बाहेरच्यांना घेतातच की. घेतात. हैती, कॅमेरून, मोरोक्कोतून आलेली मुलं नसती तर कितीतरी वर्ग ओस पडले असते. ऑन्टारियोत नव्यानं आलेल्या, घरी इंग्रजी न बोलणाऱ्या कुटुंबांनाही दार उघडं आहे. पण ते आईबाप सभेत फ्रेंच बोलतात, निदान शिकायची तयारी दाखवतात. मला शाळा हवी होती, भाषेची माणसं नको होती. असे दहा बाप आत आले असते तर त्या शाळेची इमर्शन व्हायला पाच वर्षंही लागली नसती, आणि एकानंही वाईट हेतू धरलेला नसता. त्या बाईंच्या प्रश्नाचा मला त्या दिवशी राग आला होता. आज वाटतं, आईच्या शाळेत तो प्रश्न विचारायची कुणाची टाप नव्हती.

आईला फोनवर हे सांगितलं. ती म्हणाली, "मग, शिकतोयस का फ्रेंच?" मी विषय बदलला.

परवा आमच्या रविवारच्या मराठी शाळेच्या ग्रुपवर मेसेज आला, "क्लास कॅन्सल्ड ड्यू टू स्नो." एका मुलाच्या बाबांना मराठी वाचता येत नाही, म्हणून सगळ्यांसाठी इंग्रजीत. खाली चौदा अंगठे. त्यातला एक माझा.