गस्तीच्या बोटीवर जा, शर्यत अगदी जवळून पाहा

ऑगस्टच्या सुरुवातीला सिएटलच्या लेक वॉशिंग्टनवर सीफेअर या उन्हाळी उत्सवात हायड्रोप्लेन, म्हणजे पाण्यावर घसरत पळणाऱ्या शर्यतीच्या बोटी, धावतात. तिकीट काढायचं, किनाऱ्यावर चादर पसरायची, मुलांना सनस्क्रीन फासायचं आणि पुढच्या माणसाच्या टोपीआडून दिसेल तेवढी शर्यत पाहायची, हे आता तुमच्यासारख्या माणसाला शोभत नाही. मार्च 2017 मध्ये मुंबईला मरीन ड्राइव्हसमोर पॉवरबोटी धावल्या, त्याचे व्हिडिओ तुम्ही पाहिले आहेत. म्हणजे या खेळातले जाणकार तुम्ही आहातच. तेव्हा यंदा थेट गस्तीच्या बोटीवर स्वयंसेवक म्हणून जा. बोट फुकट, युनिफॉर्म फुकट आणि शर्यत हाताच्या अंतरावर.

त्यासाठी भरती व्हायचं कोस्ट गार्ड ऑक्झिलरीत. कोस्ट गार्ड म्हणजे अमेरिकेचं तटरक्षक दल, आणि ऑक्झिलरी ही त्याला मदत करणारी, 1939 सालापासूनची स्वयंसेवकांची संस्था. तिथे पगार नसतो, युनिफॉर्म पदरच्या पैशांनी घ्यायचा असतो आणि गस्तीची बोटही बऱ्याचदा कुणा सभासदाच्या मालकीची असते. असल्या बारीकसारीक गोष्टी आधी विचारून उत्साहावर पाणी पाडून घेऊ नका. अमेरिकेचं नागरिकत्व मात्र लागतं. ग्रीन कार्डाच्या रांगेत असाल तर निराश होऊ नका. तुमचा नंबर लागेपर्यंत तुमची इथे जन्मलेली मुलगी सतरा वर्षांची होऊन तुमच्याआधी भरती झालेली असेल, आणि तीच तुम्हाला लाइफ जॅकेट कसं घालायचं ते शिकवेल.

भरती झाल्यावर प्रशिक्षण असतं. गाठी मारणं, दोर फेकणं, माणूस पाण्यात पडला तर बोट कशी वळवायची, एकेक काम कुणा जुन्या खलाशासमोर करून दाखवायचं आणि त्याची सही घ्यायची. तुम्हाला याची गरज नाही. शिवाजी पार्कच्या तलावात तुम्ही शाळेत असताना पोहायला जात होता. बोलाइन गाठ यूट्यूबवर आहे, आणि इंटरनेट पाण्यावरही चालतं. वॉशिंग्टन राज्यात 1 जानेवारी 1955 नंतर जन्मलेल्या कुणालाही पंधरा हॉर्सपॉवर किंवा त्यावरची मोटारबोट चालवायला शिक्षण कार्ड लागतं, ते तुमच्या मेव्हण्याकडे आहे. घरात एक असलं की झालं.

आता मुख्य मुद्दा, शिट्टीचा. युनिफॉर्म अंगावर चढला की माणसात एक तेज येतं, ते वाया घालवू नका. ऑक्झिलरीच्या माणसाला कायदा राबवायचा अधिकार मुळीच नाही. तो कुणाची बोट अडवून झडती घेऊ शकत नाही, दंड करू शकत नाही, अटक तर नाहीच. ती कामं कोस्ट गार्डची, पोलिसांच्या हार्बर पॅट्रोलची. तुम्ही फक्त मार्ग मोकळा ठेवायचा, नम्रपणे सांगायचं, ऐकलं नाही तर रेडिओवरून कळवायचं. ही माहिती समोरच्याला देण्याचं काहीच कारण नाही. विसर्जनाच्या मिरवणुकीत दोर धरणाऱ्या कार्यकर्त्याला तरी कुठले अधिकार असतात? पण त्याच्या चेहऱ्याकडे पाहून कुणाला तशी शंका येते का? तोच चेहरा करा. हॉर्नही सढळ हाताने वाजवा. पाच किंवा जास्त तोकडे भोंगे म्हणजे धोक्याची खूण, असा जलवाहतुकीचा नियम आहे. पण ओळखीचं कुणी दिसलं तर हाक मारायला तेवढे लागतातच.

जागेवर पोहोचल्यावर तांडेल, म्हणजे बोटीचा प्रमुख, तुम्हाला एक विचित्र गोष्ट सांगेल. शर्यतीकडे पाठ करा आणि तोंड प्रेक्षकांच्या बोटींकडे ठेवा, असं. दिवसभर. मागे तीन हजारांच्या आसपास हॉर्सपॉवरचं इंजिन किंचाळत जाईल, साठ फूट उंच पाण्याचा पिसारा उठेल, किनाऱ्यावर हजारो माणसं ओरडतील, आणि तुम्ही म्हणे एका फुगवलेल्या गुलाबी फ्लेमिंगोवर नजर ठेवायची, तो वाऱ्याने शर्यतीच्या मार्गाकडे सरकतोय का ते पाहायला. हे ऐकून घेऊ नका. सरळ वळून बसा. त्यासाठीच तर आलात.

आणि पाहण्यासारखं आहेच. हायड्रोप्लेन पाण्यात तरंगत नाही, पाण्याला जेमतेम शिवते. पुढचे दोन तराफे आणि मागचा अर्धा बुडालेला पंखा, एवढ्या तीन ठिकाणी टेकून तीस फुटांची बोट सरळ पट्ट्यात ताशी 200 मैलांच्या जवळ जाते. पूर्वी यांत दुसऱ्या महायुद्धातल्या लढाऊ विमानांची इंजिनं असत, ॲलिसन आणि रोल्स-रॉइस मर्लिन. त्यांचा गडगडाट ऐकलेली म्हातारी मंडळी आजच्या टर्बाइनला शिट्टी म्हणून हिणवतात. ही टर्बाइन चिनूक हेलिकॉप्टरची. 1950 मध्ये स्लो-मो-शन या सिएटलच्या बोटीने डेट्रॉइटला जाऊन गोल्ड कप जिंकला आणि पुढच्या वर्षीची शर्यत आपल्या गावात ओढून आणली, तेव्हापासून हे वेड आहे. इथली पोरं लाकडाच्या फळीची हायड्रोप्लेन करून सायकलमागे दोरीने ओढत मोठी झाली. एवढं सगळं पाठीमागे घडत असताना फ्लेमिंगो पाहत बसायचं?

तीन फेऱ्यांची एक हीट, म्हणजे शर्यतीचा एक टप्पा, तीन मिनिटांच्या आत संपते हे मात्र खरं. मग पाणी निवळेपर्यंत थांबायचं, मग पुढची हीट. सकाळी अंधारात निघून संध्याकाळी परतेपर्यंत प्रत्यक्ष शर्यतीची मिनिटं हाताच्या बोटांवर मोजावी लागतात. बाकीचा वेळ उन्हात. छोट्या गस्तीच्या बोटीवर शौचालय नसतं हे कुणी सांगत नाही, म्हणून मी सांगतो. चहा भरपूर प्या.

सकाळी पहिलं काम असतं पाण्यावर तरंगणारी लाकडं वेचण्याचं. या भागात ओंडके वाहून येतात, काही पाणी पिऊन इतके जड होतात की उभे तरंगतात आणि टोकच तेवढं वर दिसतं. दोनशे मैलांच्या वेगाने आलेल्या बोटीला फळीचा तुकडाही पुरतो. पण तुम्ही एम. टेक. आहात. सरपण गोळा करायला एवढ्या लांब आलात का? एखादा तुकडा दिसलाच तर दुसऱ्या बोटीला हाताने दाखवा आणि सावलीत बसा.

बोट हलवायची वेळ आली तर वेग मध्यम ठेवा. अगदी हळू नको, अगदी जोरातही नको. आपल्याकडे सगळ्याच बाबतीत मध्यम मार्ग चांगला मानतात. मोटारबोट सावकाश गेली तर लाट छोटी उठते. पूर्ण वेगात पाण्यावर चढून पळाली तरी लाट तुलनेने कमी असते. मधल्या वेगात तिची नाळ, म्हणजे पुढचं टोक, वर उठते, मागचा भाग खाली बसतो आणि ती पाणी नांगरत सर्वांत मोठी लाट काढते. ही लाट मार्गात शिरली की हायड्रोप्लेनचे चालक तुमच्या नावाने काय काय बोलतील ते मराठीत नसेल, पण अर्थ कळेल. फूटभर उंचीच्या लाटेवर त्यांची बोट हवेत उडते. नाळेखाली वारा शिरला की ती मागच्या मागे उलटते.

अशी बोट उलटली की तुमचं खरं कर्तृत्व दाखवायची वेळ आली. कुणाच्याही आधी तिथे पोहोचा. या खेळाचा इतिहास काही हलका नाही. 19 जून 1966 ला वॉशिंग्टन डी.सी.च्या पोटोमॅक नदीत एकाच दिवसात तीन चालक गेले. तोवर सर्वांत जास्त शर्यती जिंकलेला बिल मन्सी 1981 मध्ये अकापुल्कोला आघाडीवर असताना बोट मागे उलटून गेला, पुढच्याच वर्षी डीन शेनोवेथ तसाच. त्यानंतर कुठे 1986 मध्ये एफ-16 विमानाचं पारदर्शक छत या बोटींवर बसलं. आज चालक बंद कोठडीत पट्ट्यांनी आवळलेला असतो, तोंडाशी ऑक्सिजन असतो, आणि बोट उलटी पडली तर बाहेर यायला तळालाच एक झडप ठेवलेली असते. ती उघडणं, मान न हलवता माणूस बाहेर काढणं, याचा सराव केलेली बचाव पथकं मार्गाजवळ वेगळी उभी असतात. लाल झेंडा पडला की त्यांनी निघायचं आणि बाकी सगळ्यांनी जागेवर थांबायचं, कारण मध्ये आलेली प्रत्येक बोट त्यांना अडथळा, आणि तिची लाट उलट्या बोटीत पाणी ढकलणार. शिवाय सगळ्यांचं लक्ष तिकडे लागलेलं असतानाच प्रेक्षकांपैकी कुणीतरी दोर सोडून पुढे सरकतो, तिथे तुम्ही हवे असता. पण तिथे कॅमेरे नसतात. तेव्हा जा, मोबाइल आडवा धरून जा.

दुपारी मध्येच आकाशात नौदलाची ब्लू एंजल्स विमानं येतात. पूर्वी त्यांच्या सरावासाठी आय-90 महामार्गाचा तळ्यावरचा तरंगता पूल वाहतुकीला बंद करायचे. (याच पुलाचा जुना भाग 1990 मध्ये दुरुस्ती चालू असताना बुडाला होता. पूलही बुडतो, म्हणजे लाइफ जॅकेटची चर्चा किती फोल आहे पाहा.) विमानं आली की तळ्यावरची सगळी माणसं माना वर करतात, आया-बाप सुद्धा, आणि बोटीच्या मागच्या शिडीवर पाय सोडून बसलेलं पोर त्या वेळी कुणालाच दिसत नाही. गस्तीवरच्या माणसाने नेमकी तेव्हा खाली नजर ठेवायची असते. एकोणीस फुटांपेक्षा लहान चालत्या बोटीत बारा वर्षांपर्यंतच्या मुलाने जॅकेट घातलंच पाहिजे असा राज्याचा कायदा आहे, आणि नांगरलेल्या बोटीला तो लागू नाही, हे प्रत्येक बापाला बरोबर पाठ असतं. तुम्ही व्हिडिओ काढा. विमानं खूप छान येतात.

मार्गाच्या बाहेरच्या अंगाला ओंडक्यांची लांब साखळी नांगरलेली असते, लॉग बूम म्हणतात तिला. तिला प्रेक्षकांच्या बोटी रांगेने बांधलेल्या असतात आणि तिथे सकाळपासून पार्टी चालू असते. बसलेल्यांनी प्यायला हरकत नाही, चालवणाऱ्याला रक्तातल्या अल्कोहोलची 0.08 टक्क्यांची मर्यादा, मोटारीसारखीच. अडचण एवढीच की दुपारी चारनंतर चालवणारा कोण होता हे कुणालाच आठवत नाही. तिथे तुम्हाला आग्रह होईल. आग्रह मोडणं आपल्या संस्कारात बसत नाही.

दिवसभर मोठ्याने गाणी लावल्यामुळे संध्याकाळी निम्म्या अडचणी बॅटरीच्या असतात. इंजिन लागत नाही, ओढून न्या. ओढायचा दोर ताणला गेला की त्याच्या रेषेत कुणी उभं राहायचं नाही असं शिकवतात, कारण तो तुटला किंवा खुंटी उपटली की दोन्ही चाबकासारखी परत येतात. पण फोटोला ती जागा सर्वांत चांगली. तांडेलाच्या मनगटाला इंजिन बंद करणारी लाल दोरी असते, तो पाण्यात पडला की इंजिन थांबावं म्हणून. एप्रिल 2021 पासून सव्वीस फुटांखालच्या बहुतेक बोटींना केंद्राचा तसा कायदा आहे. फोटोत ती चांगली दिसत नाही, काढायला सांगा.

रेडिओ हे या सेवेतलं सर्वांत आनंदाचं साधन. चॅनल 16 हे हाक मारण्यासाठी आणि संकटासाठी राखलेलं, म्हणून तिथे सगळेच ऐकत असतात. एवढे श्रोते तुम्हाला महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीतही मिळणार नाहीत. दर थोड्या वेळाने ‘रेडिओ चेक’ म्हणा. शेवटी ‘ओव्हर अँड आउट’ म्हणायला विसरू नका. ‘ओव्हर’ म्हणजे तू बोल आणि ‘आउट’ म्हणजे माझं संपलं, उत्तर नको, तेव्हा दोन्ही एकदम म्हणणारा माणूस काय सांगतोय हे जुन्या खलाशांना कळत नाही. ते गप्प बसतात. त्यांच्या गप्प बसण्याला तुम्ही आदर समजा.

शेवटची हीट संपून बक्षीस दिलं की निघा. बूमच्या शेकडो बोटी तेव्हाच एकदम सुटतात. उन्हाने आणि बिअरने थकलेले चालक, मावळतीचा सूर्य डोळ्यांवर, चहूबाजूंनी एकमेकांत मिसळलेल्या लाटा, दिवे न लावलेली मंडळी, आणि अजूनही कुणाच्या तरी मागे दोरीला बांधलेला तो फ्लेमिंगो, त्यावर बहुधा कुणीतरी झोपलेलं. जुने स्वयंसेवक म्हणतात की खरी गस्त इथे सुरू होते. त्यांना करू दे. सिएटलजवळच्या बॉथेलला पॉटलक, म्हणजे ज्याने-त्याने एकेक पदार्थ आणायचं जेवण, आहे, मिसळ आहे, आणि तुम्ही युनिफॉर्ममध्येच जाणार आहात. कार कुठे लावली ते आठवत नसेल तर चॅनल 16 वर विचारा. ऐकायला सगळे आहेतच.