‘हौस’ या शब्दाबद्दल

‘एक शिक्षणप्रेमी’ यांना,

मागच्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत : “ज्या मुलांच्या घरी नेट नाही, त्यांना ब्लॉगवरून शिकवणं ही गुरुजींची हौस आहे. वीज नसते, रिचार्ज परवडत नाही, मूल घरी उजळणी कशी करणार?” उत्तर देणार नव्हतो. पण ‘हौस’ हा शब्द दोन दिवस डोक्यातून जाईना.

आधी माझी चूक. ‘माझी मुलं ब्लॉग वाचतात’ असं मी लिहिलं होतं, ‘वर्गात वाचतात’ असं हवं होतं. दुरुस्त केलंय.

आता हौस. मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या आणि व्हॉट्सअॅपवर रोज अभ्यासमाला येऊ लागली. पेठ तालुक्यातल्या आमच्या पाड्यावर तेव्हा तीन स्मार्टफोन होते. मी ती कागदावर उतरवून मोटरसायकलने घरोघर नेली. २०१७-१८ च्या राष्ट्रीय नमुना पाहणीत ग्रामीण भारतातल्या जेमतेम १५ टक्के घरांत इंटरनेट होतं. नेट नाही, हे तुम्ही मला सांगायला नको होतं. एकोणीस वर्षं मी याच डोंगरात शिकवतोय.

शाळेत रेंज नाही. शनिवारी नाशिकला घरी आलो की ब्लॉगची पानं उतरवून घेतो. सोमवारी प्रिंट खिडकीच्या गजांना बांधलेल्या सुतळीवर कपड्यांच्या चिमट्यांनी लागतात. मुलं वहीत लिहितात, मी रविवारी टाइप करून ब्लॉगवर टाकतो. चौथीतल्या एका मुलीने राबावर, म्हणजे भाताच्या रोपांसाठी जमीन भाजण्यावर, नऊ ओळी लिहिल्या : खाली शेण, त्यावर टहाळ, मग पालापाचोळा, वर माती. तिचे आईवडील तेव्हा दिंडोरीकडे द्राक्षबागेत कामाला होते. तिथे रेंज असते. मुकादमाने आपल्या फोनवर तिच्या वडिलांना ते पान वाचून दाखवलं. होळीला गावी आले तेव्हा ते थेट शाळेत आले. “गुरुजी, पोरीनं आग कुठून लावायची ते लिहिलंच नाही. वाऱ्याच्या उलट लावायची, म्हणजे सावकाश जळतं.” तिने तिथेच, त्यांच्यासमोर, दहावी ओळ लिहिली.

याला तुम्ही हौस म्हणता?

माझ्या लहानपणी वर्तमानपत्र एसटीने दुसऱ्या दिवशी यायचं. आमचे गुरुजी ते शाळेच्या भिंतीवर खळीने चिकटवायचे. गावात कोणाच्याच घरी पेपर येत नव्हता, म्हणून त्यांना कोणी हौशी म्हटलं नाही. मी कंदिलाखाली शिकलोय, त्यामुळे गरिबीचे धडे निदान मला देऊ नका. तेही नाव न लिहिता.

रिचार्ज आणि प्रिंट माझ्या पगारातून होतात. उजळणीचा विषय वेगळा आहे, त्यात आत्ता शिरत नाही. ते राबाचं पान अजून ब्लॉगवर आहे. पुन्हा काही लिहिण्याआधी त्याची दहावी ओळ वाचा.