काचपेटीतल्या बाळांच्या व्हिडिओबद्दल खुलासा

गावाच्या ग्रुपवर परवापासून एका रडणाऱ्या पोरीची क्लिप फिरते आहे. खाली लिहिलंय, ‘अमेरिकेच्या संसदेत शपथेवर साक्ष. इराकी सैनिकांनी काचपेटीतली बाळं थंड फरशीवर टाकली, म्हणून युद्ध करावं लागलं.’ पारावर त्यावरून वाद झाला, म्हणून लिहितो.

क्लिप खरी आहे, १० ऑक्टोबर १९९० ची, इराकनं शेजारचा कुवेत बळकावला होता तेव्हाची. पण पोरगी बोलली ती काही खासदारांच्या मानवी हक्क गटापुढं, संसदेच्या अधिकृत समितीपुढं नव्हे. त्यामुळे शपथ नव्हतीच. पोरीचं नाव फक्त ‘नायिरा’ सांगितलं होतं. ती कुवेतच्या अमेरिकेतल्या राजदूताची मुलगी, हे लोकांना कळलं १९९२ मध्ये. अमेरिकेचं इराकशी युद्ध तर जानेवारी १९९१ लाच सुरू झालं होतं. साक्षीमागे हिल अँड नोल्टन ही जाहिरातबाजी करणारी कंपनी होती, पैसा कुवेतच्या बाजूचा. अमेरिकेचे तेव्हाचे अध्यक्ष थोरले बुश यांनी ही गोष्ट भाषणांत पुन्हा पुन्हा सांगितली. सिनेटमध्ये, म्हणजे त्यांच्या संसदेच्या वरच्या सभागृहात, युद्धाचा ठराव ५२ विरुद्ध ४७ असा जेमतेम निघाला. अ‍ॅम्नेस्टी या मानवी हक्क संघटनेनेही आधी तीनशेवर बाळं मेल्याचं छापलं, मग पुरावा सापडत नाही म्हणून मागे घेतलं.

इराकनं कुवेत गिळला, तिथं माणसं मारली, हे खोटं नाही बरं. खोटी ठरली ती बाळांची गोष्ट. आणि तीच सगळ्यांच्या ध्यानात राहिली. बाळाचं नाव काढलं की आपल्याकडंही कोण पुरावा मागतो?

क्लिप टाकणाऱ्या भाऊंना फोन केला. कापूस मोजून झाला की काढतो म्हणाले.