उबळ

खोकल्याला वेळकाळ कळत नाही, असे म्हणतात. माझ्या खोकल्याला तो नेमका कळतो. व्हिएन्नाला गेल्यावर त्याने चार दिवस दम धरला आणि म्युझिकफेराइन या संगीतगृहाच्या सुवर्ण सभागृहात पाऊल टाकताच घशात तंबू ठोकला.

अंगावरचा जाड कोट दाराशीच जमा करून बिल्ला घ्यावा लागतो. तो घेऊन, उभ्याच्या स्वस्त तिकिटावर, मागच्या दाटीत जागा पटकावल्यावर मला आठवले की सौभाग्यवतीने बांधून दिलेली खडीसाखर-लवंगांची पुडी कोटाच्या खिशातच राहिली आहे.

तेओफिल हान्सेनने उभारलेले हे सभागृह १८७० साली खुले झाले. सभागृहांच्या ध्वनिशास्त्राची सूत्रे तेव्हा कोणी मांडलेलीही नव्हती. तरी लांबट, उंच पेटीसारखा आकार, जमिनीखालची पोकळी आणि भिंतींवरचे नक्षीकाम यांच्या योगाने इथला स्वर सुमारे दोन सेकंद रेंगाळतो. ही माहिती घरी वाचताना मी भारावलो होतो. घसा खवखवू लागल्यावर लक्षात आले की हान्सेनसाहेबांनी व्हायोलिन आणि खोकला यांत कसलाही भेदभाव ठेवलेला नाही.

कार्यक्रमात ब्राम्स या संगीतकाराची दुसरी सिम्फनी, म्हणजे अनेक भागांची वाद्यवृंदरचना, होती. ३० डिसेंबर १८७७ रोजी ती प्रथम वाजली तीही याच सभागृहात. तिचा आरंभ चेलो आणि डबल बास ही खर्जातली तंतुवाद्ये अगदी हळुवार करतात, म्हणजे खोकणाऱ्याला आडोसा म्हणून काही नाही. आपल्या मैफलीत एखादी उबळ ‘क्या बात है’च्या गलक्यात सहज खपून जाते, इथे दोन भागांच्या मध्ये टाळीसुद्धा वाजवायची नसते. मी आवंढे गिळत छताकडे पाहिले. तिथे अपोलो आणि नऊ कलादेवता चितारलेल्या आहेत, पण त्यांच्याकडून घशाला काही मिळण्यासारखे नव्हते. मार्च १९१३ मध्ये शोएनबर्ग या संगीतकाराच्या कार्यक्रमात इथल्या श्रोत्यांची चक्क हाणामारी झाली होती. तशी एखादी आज जुंपली असती, तर मला निवांत खोकता आले असते.

पहिला भाग संपला आणि अवघे सभागृह खोकले. मोत्यांच्या माळा घातलेल्या आजीबाईंपासून शेजारच्या विद्यार्थ्यापर्यंत प्रत्येकाने थकबाकी चुकती केली. मी मात्र ‘आता टाळी वाजवायची नाही’ हे घोकण्यात इतका गुंतलो होतो की ही सवलत कशासाठी आहे, हे मला उमगेपर्यंत दुसऱ्या भागाचे चेलो सुरू झाले होते. मग व्हायचे तेच झाले, आणि ते दोन सेकंद रेंगाळले.

शेजारच्या आजोबांनी समोरची नजर न हलवता माझ्या हातावर एक गोळी ठेवली. तिला कुरकुरीत कागद होता. मी एक टोक उलगडले, तेवढ्यात पुढच्या तीन माना वळल्या. अखेर मी ती गोळी कागदासकट तोंडात टाकली.